राइस मिलमधलं सॉर्टेक्स: बसवणं, चालवणं आणि रिजेक्शनचा हिशेब

गोंदिया, भंडारा, गडचिरोली, चंद्रपूर या धानाच्या पट्ट्यात तांदळाचा भाव विचारला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: सॉर्टेक्स की नॉन-सॉर्टेक्स? सॉर्टेक्स हे मुळात इंग्लंडमधल्या एका कंपनीचं नाव. ती पुढे स्वित्झर्लंडच्या ब्यूलरकडे गेली, पण नाव रंग पाहून दाणा निवडणाऱ्या सगळ्याच यंत्रांना चिकटलं. यंत्र जपानी असो, चिनी असो की भारतात जोडलेलं, मिलमध्ये त्याला सॉर्टेक्सच म्हणतात. या लेखातही तोच शब्द वापरला आहे.

हा लेख पहिल्यांदाच सॉर्टेक्स घेणाऱ्या मिलमालकासाठी आणि ते चालवायला बसणाऱ्या ऑपरेटरसाठी आहे. सुरुवातीलाच एक गोष्ट मनात पक्की करा. हे यंत्र दोनच कामं करतं: पाहतं आणि फुंकतं. त्याच्यापुढे येणारा तांदूळ धुळीचा, गरम किंवा कमीजास्त धारेचा असेल, हवा ओली असेल, वीज हलत असेल, तर कितीही महागडं यंत्र आणा, निकाल तोच येतो: चांगल्या मालात काळा दाणा आणि रिजेक्शनमध्ये चांगला तांदूळ.

यंत्र नेमकं काय करतं

वरच्या हॉपरमधून तांदूळ व्हायब्रेटरवर येतो. व्हायब्रेटर त्याचा एकसारखा पातळ थर करून चूटवर सोडतो. चूट म्हणजे तिरकी, गुळगुळीत धातूची पट्टी. तिच्यावरून घसरत दाणे सेकंदाला साधारण 3 ते 4 मीटर वेगाने खाली सुटतात. सुटल्याबरोबर पुढून आणि मागून कॅमेरे त्यांना पाहतात. एलईडीचा उजेड आणि ठरावीक रंगाची पार्श्वभूमी यांच्यासमोर प्रत्येक दाण्याचा रंग मोजला जातो. ठरवलेल्या मर्यादेबाहेरचा दाणा दिसला की काही सेंटिमीटर खाली असलेल्या इजेक्टरचा व्हॉल्व्ह उघडतो आणि हवेचा झोत त्या दाण्याला धारेबाहेर ढकलतो. सरळ पडला तो ॲक्सेप्ट, उडाला तो रिजेक्ट.

हे किती घाईचं काम आहे ते आकड्यांत बघा. भरडलेल्या 1000 दाण्यांचं वजन 18 ग्रॅम धरलं तर एका टनात साडेपाच कोटी दाणे होतात. एका चूटवरून तासाला एक टन माल गेला तर सेकंदाला पंधरा हजारांवर दाणे कॅमेऱ्यापुढून जातात. चूटला 64 नोझल, म्हणजे झोत सोडणारी तोंडं, असतील तर एका नोझलपुढून सेकंदाला सुमारे 240 दाणे. मालात 3 टक्के खराब दाणा असला तर त्यातले सात खराब. म्हणजे एकेक व्हॉल्व्ह सेकंदाला सात वेळा उघडतो आणि दरवेळी साधारण हजारावा भाग सेकंदच उघडा राहतो. तेवढ्या वेळात दाणा 3 मिलिमीटर पुढे गेलेला असतो. झोत थोडा उशिरा आला तर खराब दाणा निसटतो आणि मागचा चांगला उडतो. शेजारचा दाणा तर बऱ्याचदा नाहकच जातो. सुक्याबरोबर ओलंही जळतं म्हणतात तसं. रिजेक्शनमध्ये चांगला तांदूळ का दिसतो याचं निम्मं उत्तर इथेच आहे.

काळा, पिवळा, तपकिरी, लाल दाणा, टोकाला काळा ठिपका असलेला दाणा, न सोललेलं धान, रंगीत खडा, हे सगळं यंत्राला दिसतं. पोटपांढरा, म्हणजे चॉकी दाणाही दिसतो, कारण समोरच्या उजेडात तो बाकीच्यांहून जास्त पांढरा आणि मागून आलेल्या उजेडात काळपट भासतो. मात्र पांढरी गारगोटी, काच आणि पांढरं प्लॅस्टिक साध्या रंगाच्या कॅमेऱ्याला तांदळासारखंच वाटतं. त्यासाठी इन्फ्रारेड कॅमेऱ्याचं मॉडेल लागतं. ते नसेल तर खडा काढायचं काम डीस्टोनरचंच आहे, सॉर्टेक्सवर ढकलू नका.

पहिली पायरी: यंत्र बघण्याआधी स्वतःचा माल मोजा

विक्रेता पहिल्यांदा विचारतो, "तासाला किती टन?" तुम्ही त्याआधी स्वतःला विचारा: माझ्या तांदळात खराब काय आहे आणि किती टक्के आहे?

कापणीच्या वेळी अवकाळी पाऊस झाला, कडपा शेतात भिजल्या की दाण्याला डाग पडतात. ओलं धान ढिगात किंवा बारदान्यात तापलं की दाणा आतून पिवळा पडतो. दाणा भरताना उष्मा जास्त झाला की पोटपांढरा वाढतो. लाल दाणा बहुतेक वेळा बियाण्यातल्या भेसळीतून येतो. तुमच्या पट्ट्यात यातलं काय जास्त आहे त्यावर कोणतं यंत्र घ्यायचं हे ठरतं. फक्त काळा दाणा काढायचा असेल तर साधं मॉडेल भागवतं. फिकट पिवळा आणि पोटपांढरा काढायचा असेल तर जास्त बारकाईने पाहणारे रंगीत कॅमेरे हवेत आणि प्रत्येक चूटवर माल कमी सोडावा लागतो.

मोजायची रीत सोपी आहे. निदान दहा पोत्यांतून थोडाथोडा तांदूळ काढून एकत्र करा. ढीग पसरून चार भाग करा, समोरासमोरचे दोन ठेवा, बाकीचे बाजूला सारा. असं करत 50 ग्रॅमवर या. गडद निळ्या कागदावर पसरून काळा-पिवळा, डागी, पोटपांढरा, लाल, धान असे ढीग करा आणि 0.01 ग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला. अर्धा ग्रॅम म्हणजे एक टक्का. शितावरून भाताची परीक्षा स्वयंपाकघरात चालते; इथे एका मुठीवरून निर्णय घेतला तर फसाल. पाच-सहा वेगवेगळ्या लॉटचं मोजमाप वहीत असू द्या.

सरकारी भरडाईचं काम करणाऱ्यांनी मर्यादा पाठ ठेवाव्यात. गेल्या काही हंगामांच्या एकसमान मानकांत रंग बदललेला दाणा अरवा (न उकडलेल्या धानाच्या) तांदळात 3 टक्के आणि उसन्यात (उकडलेल्या धानाच्या तांदळात) 5 टक्के, डॅमेज, म्हणजे खराब झालेला दाणा, अरव्यात 3 आणि उसन्यात 4, लाल दाणा दोन्हीत 3, अरव्यात चॉकी 5 टक्के अशा मर्यादा आहेत. हंगामागणिक परिपत्रक निघतं, तेव्हा करार करताना चालू वर्षाचं वाचा. खुल्या बाजाराची मागणी याहून पुष्कळ कडक असते. सॉर्टेक्स म्हणून विकल्या जाणाऱ्या चांगल्या मालात काळा दाणा शोधूनच काढावा लागतो.

दुसरी पायरी: किती चूटचं घ्यायचं

अरव्या तांदळाला ढोबळ मानाने एका चूटमागे तासाला एक टन धरा. माहितीपत्रकात याहून मोठा आकडा असतो, पण तो कमी खराबीच्या मालावर काढलेला असतो. उसन्या तांदळाचा मूळ रंगच पिवळसर, त्यामुळे चांगल्या-वाईटातलं अंतर कमी. तिथे धार आणखी पातळ ठेवावी लागते. कनकीला तर जवळपास निम्म्यावर यावं लागतं, कारण तेवढ्याच वजनात तुकडे जास्त आणि प्रत्येक तुकडा लहान.

हिशेब असा करा. मिल तासाला 6 टन धान घेते. सरकारी भरडाईत 100 किलो धानाला अरवा 67 किलो आणि उसना 68 किलो द्यावा लागतो; तोच आधार धरला तर तासाला 4 टन तांदूळ. त्यासाठी चार चूट मुख्य छाननीला आणि एक चूट रिजेक्ट पुन्हा गाळायला, म्हणजे पाच चूटचं यंत्र हातात राहतं. री-सॉर्टची चूट वाचवून पैसे वाचवू नका. का, ते पुढे रिजेक्शनच्या हिशेबात कळेल.

पैसे देण्याआधी चाचणी करा. आपला सर्वांत खराब लॉट निवडा, त्यातला 300-400 किलो तांदूळ घेऊन जा. विक्रेत्याने ठेवलेल्या तांदळावर चाचणी बघण्यात अर्थ नाही. तीन गोष्टी मोजून लिहून घ्या: तासाला किती माल गेला, ॲक्सेप्टमध्ये किती टक्के खराब उरला, आणि रिजेक्टमध्ये खराब किती व चांगला किती. तिन्ही आकडे एकाच फेरीतले असले पाहिजेत. एका फेरीत वेग दाखवायचा आणि दुसऱ्या फेरीत स्वच्छता, हे मान्य करू नका. ऑर्डरच्या कागदावर हेच तीन आकडे लिहून घ्या. सोबत जवळचा सर्व्हिस इंजिनिअर कुठे बसतो आणि व्हॉल्व्ह, एलईडी पट्टी, कॅमेरा कार्ड किती दिवसांत मिळतं हेही विचारा. हंगामात चार दिवस बंद पडलेलं यंत्र फार महाग पडतं.

तिसरी पायरी: लाइनमध्ये जागा

सफाई, डीस्टोनर, तूस काढणारा रबर रोल शेलर, न सोललेलं धान वेगळं करणारा पॅडी सेपरेटर, व्हाइटनर, सिल्की पॉलिशर, कनकी वेगळी करणारी चाळणी आणि लेंथ ग्रेडर, त्यानंतर सॉर्टेक्स आणि मग पॅकिंग. हा क्रम मोडू नका. पॅडी सेपरेटर नीट चालत नसेल तर धान सॉर्टेक्सवर येतं आणि व्हॉल्व्ह उगाच झिजतात. व्हाइटनरने कोंडा अर्धवट काढला तर दाण्यावर तपकिरी रेघा राहतात आणि यंत्र चांगल्या दाण्यालाही डागी समजतं.

पॉलिशरमधून निघालेला तांदूळ गरम असतो आणि त्यावर ओलसर कोंड्याची पातळ पावडर असते. तोच थेट सॉर्टेक्सवर सोडला की ती पावडर चूटला धरते. मधे एक बिन ठेवा, तांदूळ थंड होऊ द्या, आणि बिननंतर हवा ओढून धूळ काढा. बिनचा दुसरा फायदा म्हणजे एकसारखी धार. सॉर्टेक्सच्या डोक्यावर निदान दहा-पंधरा मिनिटांचा माल मावेल एवढी जागा हवी. तासाला 4 टनांना 1 टनाचा बिन ठीक. बिन रिकामा व्हायला लागला की यंत्र थांबवणारा आणि भरला की मागचा एलिव्हेटर थांबवणारा लेव्हल सेन्सर लावा. यंत्राआधी चुंबकही बसवा.

फोर्टिफाइड, म्हणजे पोषक घटक घातलेला दाणा मिसळायचा असेल तर त्याचा ब्लेंडर सॉर्टेक्सच्या नंतर असू द्या. शंभराला एक या प्रमाणात मिसळला जाणारा हा दाणा रंगाने किंचित वेगळा असतो; आधी मिसळलात तर सॉर्टेक्स तोच वेचून बाहेर टाकेल आणि नमुना नापास होईल.

यंत्राखालचा सांगाडा शेलर आणि एलिव्हेटरच्या सांगाड्यापासून वेगळा उभा करा. तो हलला की कॅमेऱ्याची रेषा हलते.

चौथी पायरी: हवा

नवख्या मिलमध्ये सर्वांत जास्त काटकसर इथे होते आणि सर्वांत जास्त नुकसानही इथेच होतं.

पावसाळ्यातली हवा घ्या: 30 अंश तापमान, 80 टक्के आर्द्रता. अशा एका घनमीटर हवेत सुमारे 24 ग्रॅम पाणी असतं. मिनिटाला 3 घनमीटर हवा ओढणारा कॉम्प्रेसर तासाला 180 घनमीटर हवा घेतो, म्हणजे वाफेच्या रूपात चार लिटरच्या वर पाणी. दहा तासांच्या पाळीत चाळीस लिटर. हवा दाबली आणि थंड झाली की यातलं बहुतेक पाणी सुटतं. ते टाकीत, ड्रायरमध्ये आणि फिल्टरमध्ये पकडलं नाही तर व्हॉल्व्हमध्ये जातं, तिथे कोंड्याच्या पावडरीशी मिसळून चिकट लगदा होतो आणि व्हॉल्व्ह अडकतो.

हवेची मांडणी अशी: स्क्रू कॉम्प्रेसर, मोठी टाकी, फिल्टर, रेफ्रिजरेटेड ड्रायर, बारीक फिल्टर, तेल पकडणारा फिल्टर, मग सॉर्टेक्सजवळ एक छोटी टाकी. ड्रायरचा दवबिंदू साधारण 3 अंश असावा. ड्रायर घेताना तो किती तापमानाच्या खोलीसाठी आहे ते वाचा; विदर्भात एप्रिल-मेमध्ये शेडमधला पारा 45 च्या वर जातो आणि बेताच्या मापाचा ड्रायर तेव्हाच हात टेकतो. एक माप मोठाच घ्या.

कॉम्प्रेसरचं माप यंत्राच्या कंपनीने दिलेल्या सर्वाधिक खपाच्या आकड्यात पाव हिस्सा मिळवून ठरवा. माल जास्त खराब असला की व्हॉल्व्ह जास्त उघडतात आणि हवा जास्त लागते. हवेची खरी परीक्षा खराब लॉटवरच होते. आकडे सीएफएममध्ये, म्हणजे मिनिटाला घनफुटांत, मिळाले तर 1 घनमीटर प्रति मिनिट म्हणजे 35.3 सीएफएम, हे लक्षात असू द्या.

लाइनमध्ये 6-7 किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब ठेवतात आणि यंत्रावरच्या रेग्युलेटरने तो बहुतेक यंत्रांत 2 ते 3 किलोवर उतरवतात. नेमका आकडा तुमच्या यंत्राच्या पुस्तिकेतला घ्या. दाब कमी पडला तर दाणा पूर्ण वळत नाही. जास्त झाला तर उडालेला दाणा रिजेक्टच्या भिंतीवर आपटून परत चांगल्या मालात पडतो, शिवाय शेजारचे चार चांगले दाणे सोबत नेतो.

मोठ्या टाकीखालचा कॉक रोज सकाळी आणि पाळीच्या मध्यात उघडून पाणी काढा. आपोआप निचरा करणारा व्हॉल्व्ह असला तरी हाताने तपासा. कॉम्प्रेसर तुसाच्या ढिगापासून आणि बॉयलरपासून दूर, हवेशीर जागी ठेवा.

पाचवी पायरी: खोली आणि वीज

सॉर्टेक्सला काचेची किंवा पॅनेलची बंद खोली करा. थेट ऊन यंत्रावर येऊ देऊ नका. एसी हवाच, पण 18 अंशांवर नको. पावसाळ्यात खोली फार थंड केली आणि दार उघडलं की बाहेरची दमट हवा काचेवर दव धरते आणि कॅमेरा आंधळा होतो. 25 ते 28 अंश पुरे.

वीज स्वतंत्र केबलने, स्टॅबिलायझर आणि ऑनलाइन यूपीएसमधून द्या. शेलर आणि पॉलिशरच्या मोटारींच्या केबलसोबत सॉर्टेक्सची सिग्नल केबल एकाच ट्रेमधून नेऊ नका. अर्थिंगचा खड्डा वेगळा घ्या आणि न्यूट्रल ते अर्थ व्होल्टेज इलेक्ट्रिशियनकडून मोजून घ्या. ते 2-3 व्होल्टच्या आत हवं. मृगापासून विजांचा कडकडाट सुरू होतो, तेव्हा सर्ज प्रोटेक्टर आधी बसवा. कार्ड जळाल्यावर बसवण्यात हशील नाही.

सहावी पायरी: चालू करणं आणि जुळवणं

सुरुवातीचा क्रम रोज एकच ठेवा.

1. आधी ड्रायर, मग कॉम्प्रेसर. दहा-पंधरा मिनिटं चालू द्या, टाकीतलं पाणी काढा.
2. सॉर्टेक्सचा वीजपुरवठा, मग दिवे. दिवे आणि कॅमेरे स्थिर व्हायला पंधरा-वीस मिनिटं द्या.
3. काचा, चूट आणि नोझलची पट्टी पुसून बघा.
4. स्क्रीनवरून पार्श्वभूमीचं कॅलिब्रेशन करा.
5. व्हॉल्व्ह टेस्ट लावा. एकेक व्हॉल्व्ह क्रमाने "टक" वाजतो. नोझलसमोर टिश्यू पेपरची पट्टी धरून सरकवत न्या. जिथे कागद हलत नाही तो व्हॉल्व्ह बंद आहे, जिथे सतत फडफडतो तो गळतो आहे.
6. व्हायब्रेटर 30 टक्क्यांवर सुरू करा. सगळ्या चूटवर थर सारखा आहे का बघा, मग हळूहळू वाढवा.

लॉटची ओळख यंत्राला करून द्यायची असते. बहुतेक नव्या यंत्रांत चांगले आणि खराब दाणे दाखवून शिकवायची सोय आहे. चांगले म्हणून दोनशे दाणे निवडताना सर्वांत शुभ्र तेवढेच घेऊ नका. लॉटमधले चालण्याजोगे पण किंचित मळकट दाणेही त्यात असू द्या, नाहीतर यंत्र त्यांना खराब समजेल. खराब दाण्यांचे प्रकार वेगवेगळे शिकवा: काळा, पिवळा, डागी, पोटपांढरा. प्रत्येकासाठी यंत्राची तीव्रता, म्हणजे ते किती कडकपणे निवडतं, वेगळी ठरवता आली पाहिजे.

तीव्रता वाढवताना आकडा वर न्यायचा की खाली, हे यंत्रागणिक बदलतं. पहिल्याच दिवशी खात्री करून स्क्रीनशेजारी चिठ्ठी लावा.

आधी काळ्या दाण्याची जुळणी, मग पिवळ्याची, शेवटी पोटपांढऱ्याची. एका वेळी एकच आकडा हलवा, पाच मिनिटं थांबा, ॲक्सेप्ट आणि रिजेक्ट दोन्हींचा नमुना घ्या, मग पुढचा. तीन आकडे एकदम फिरवणाऱ्या ऑपरेटरला बिघाड कशामुळे झाला हे कधीच कळत नाही.

वाण बदलला की प्रोफाइल, म्हणजे जुळवून साठवलेल्या आकड्यांचा संच, बदला. एचएमटी, जय श्रीराम, चिन्नोर यांसारख्या बारीक दाण्याला झोताचा वेळ कमी लागतो, जाड दाण्याला जास्त. अरवा आणि उसना यांची प्रोफाइल तर वेगळी हवीच. कोकणातला लाल तांदूळ करायचा असेल तर गणित उलटं होतं: लाल दाणा चांगला, पांढरा आणि काळा खराब. प्रत्येक प्रोफाइलला वाण, अरवा की उसना आणि हंगाम असं नाव द्या.

सातवी पायरी: रिजेक्शनचा हिशेब

सॉर्टेक्स पैसा कमावून देतं की घालवतं हे इथे ठरतं, आणि नेमकं हेच बहुतेक मिलमध्ये मोजलं जात नाही. ॲक्सेप्ट सगळे बघतात, रिजेक्टच्या पोत्यात कोणी हात घालत नाही.

उदाहरण घेऊ. तासाला 4000 किलो तांदूळ, त्यात 3 टक्के खराब, म्हणजे 120 किलो. ॲक्सेप्टमध्ये अर्ध्या टक्क्याच्या आसपास चालेल, तर यातले सुमारे 100 किलो काढायचे. पहिल्या फेरीत एका खराब दाण्यामागे दोन चांगले उडतात असं धरा. रिजेक्ट झालं 300 किलो: 100 खराब, 200 चांगलं. हे पोत्यात भरून विकलं तर तासाला 200 किलो चांगला तांदूळ रिजेक्शनच्या भावात गेला.

आता हेच 300 किलो री-सॉर्टच्या चूटवर घाला. तिथे माल कमी, धार पातळ, त्यामुळे झोत नेमका बसतो. समजा 95 किलो खराब आणि सोबत 50 किलो चांगलं असं 145 किलो बाहेर पडलं. उरलेलं 155 किलो, ज्यात 150 चांगलं आणि 5 खराब आहे, ते पुन्हा मुख्य हॉपरमध्ये जातं. नुकसान 200 वरून 50 किलोवर आलं. तासाला 150 किलो, दहा तासांत 15 क्विंटल. चांगला तांदूळ आणि रिजेक्शन यांच्या भावात किलोमागे 10 रुपयांचाच फरक धरला तरी दिवसाला 15,000 रुपये.

म्हणून प्रत्येक पाळीत निदान दोनदा अंतिम रिजेक्टमधून 50 ग्रॅम घ्या, चांगलं-वाईट वेगळं करून तोला आणि वहीत लिहा. तारीख, लॉट, प्रोफाइल, ॲक्सेप्टमधली खराबी, रिजेक्टमधलं प्रमाण, रिजेक्टचं तासाचं वजन: एवढे रकाने पुरेत. प्रमाण अचानक बिघडलं तर यंत्रात काहीतरी झालं आहे. हळूहळू बिघडत गेलं तर सफाई राहिली आहे.

ॲक्सेप्ट पुरेसा स्वच्छ होत नाही म्हणून तीव्रता चढवत नेणं ही सर्वांत महागडी सवय. आधी व्हायब्रेटर दहा टक्के कमी करून बघा. धार पातळ झाली की बहुतेक वेळा ॲक्सेप्टही सुधारतो आणि रिजेक्टही.

रिजेक्शन पशुखाद्यात, कोंबडीखाद्यात जातं. त्यात बुरशीचा दाणा एकवटलेला असतो हे विसरू नका. भिजलेल्या धानाच्या लॉटचं रिजेक्शन तपासल्याशिवाय दुभत्या जनावरांसाठी देऊ नका, आणि ते पुन्हा चांगल्या मालात मिसळू तर मुळीच नका.

बिघाड ओळखण्याची रीत

बिघाड कुठे आहे हे तो कुठे आणि केव्हा दिसतो यावरून कळतं. म्हणून नमुना प्रत्येक चूटखालून वेगळा घ्यायची सवय लावा.

एकाच चूटखाली काळा दाणा येतोय: त्या चूटचे व्हॉल्व्ह, तिथली काच किंवा तिथला व्हायब्रेटर. शेजारच्या चूटशी काचेची धूळ आणि थराची जाडी ताडून बघा.

सगळ्या चूटखाली एकदम: हवेचा दाब पडला, दिवा गेला, किंवा कोणी प्रोफाइल बदललं. सर्वांत आधी दाबाचा काटा बघा.

सकाळी ठीक आणि दोन तासांनी घसरण: काचेवर आणि चूटवर पावडर धरते आहे. धूळ ओढणारा पंखा आणि त्याची पिशवी तपासा. चूटवर कोंड्याचा थर बसला की दाणा हळू घसरतो, ठरलेल्या क्षणी नोझलसमोर पोचत नाही आणि झोत रिकाम्या जागी जातो. अशा वेळी डिले, म्हणजे दाणा दिसल्यापासून झोत सुटेपर्यंतचा वेळ, बदलू नका, चूट पुसा.

दुपारीच बिघडतं: खोलीतली उष्णता किंवा ड्रायर कमी पडतोय.

एखादा व्हॉल्व्ह सतत वाजतो आणि रिजेक्टमध्ये एका जागी चांगल्या तांदळाची धार लागते: त्या रेषेत काचेवर डाग आहे किंवा पार्श्वभूमीवर दाणा अडकला आहे. पुसूनही राहिलं तर व्हॉल्व्ह बदला.

शेलरची मोटार सुरू झाली की स्क्रीन थरथरते: अर्थिंग आणि केबलची वाट बघा.

सफाई

चूट कोरड्या मऊ सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर, घासणी, चाकू कधीही लावू नका. एक ओरखडा पडला की त्या रेषेतले दाणे कायमचे उड्या मारतात. पाणीही नको. काचेला लिंट न सोडणारं कापड वेगळं ठेवा, चूटचं फडकं काचेला लावू नका. आपोआप काच पुसणारा वायपर बहुतेक यंत्रांत असतो. धुळीच्या मालावर तो पंधरा मिनिटांनी फिरेल असं ठेवा आणि त्याचं रबर झिजलं का ते आठवड्याला बघा. झिजलेलं रबर धूळ पुसण्याऐवजी पसरवतं.

नोझलच्या भोकात सुई, तार घालू नका. व्हॉल्व्ह काढून साफ करायचा तर हवा बंद करून, पट्टीतला दाब शून्य झाल्यावरच. फिल्टरची कांडी पुस्तिकेत दिलेल्या तासांना बदला; आधी-नंतरच्या दाबात फरक दिसू लागला तर त्याआधीच. हवेच्या टाकीचा सेफ्टी व्हॉल्व्ह बांधून किंवा घट्ट करून ठेवणं जिवावर बेतू शकतं.

हंगाम संपल्यावर

शेवटच्या दिवशी हॉपर, व्हायब्रेटर, री-सॉर्टचा एलिव्हेटर आणि रिजेक्टची पेटी पूर्ण रिकामी करा. उरलेल्या मूठभर तांदळात सोंडे होतात आणि त्यामागे उंदीर येतात. उंदरांनी कुरतडलेली कॅमेऱ्याची केबल हे पावसाळ्यानंतर यंत्र सुरू न होण्याचं नेहमीचं कारण आहे. केबलची भोकं जाळीने बंद करा. टाकी आणि फिल्टरमधलं पाणी काढा. यंत्र झाकून ठेवलं तरी पावसाळाभर आठवड्यातून एकदा खोलीतला एसी आणि यंत्र तासभर माल न घालता चालवा, म्हणजे कार्डांवर ओल धरत नाही. त्याच वेळी कोरड्या हवेवर व्हॉल्व्ह टेस्ट फिरवून घ्या. प्रोफाइलची प्रत पेनड्राइव्हवर काढून वहीसोबत ठेवा. जे व्हॉल्व्ह मंद वाजले त्यांचे नंबर लिहा आणि नवीन धान यायच्या आधी, दसऱ्यापर्यंत, ते बदलून घ्या.